हाताला लिपी देणारे गुरुदेव

कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे कुरुंदवाड संगीताच्या इतिहासात आले ते पं. विष्णु दिगंबर पलुस्करांमुळे. १८ ऑगस्ट १८७२ रोजी एका कीर्तनकाराच्या घरात ते इथे जन्मले. बालपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले आणि पुढे मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाण्याची तालीम सुरू झाली. इथवरची हकीकत आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. पण ५ मे १९०१ रोजी लाहोरला पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा त्याच्या उपप्राचार्यपदी एक मृदंग-तबलावादक होता, हे किती जणांना ठाऊक आहे? त्यांचे नाव गुरुदेव पटवर्धन. पुढे नावारूपाला आलेले गायक पं. विनायकराव पटवर्धन हे त्यांचे पुतणे. १९०८ पर्यंत गुरुदेवांनी ते पद सांभाळले.

या नेमणुकीचे मोल त्या काळाच्या संदर्भात जोखले पाहिजे. मैफलीत साथीदाराचा मान गवयाच्या मागचा. अशा वेळी संगीत शाळेच्या कारभारात दुसरे स्थान एका तालवाद्यवादकाला मिळाले. त्या स्थानावरून त्यांनी जे केले, ते त्याहून मोठे आहे.

घराण्यात तालवाद्याचे बोल गुरूच्या तोंडून ऐकायचे, त्याच्या हाताकडे पाहून बसवायचे. तिथे वर्षांची गणती नसे आणि शिष्य मोजके असत. शाळेत मात्र एका वर्गात अनेक मुले, तीही घरी संगीत नसलेली. त्यांना नेमका पाठ हवा, उद्या पुन्हा उघडून पाहता येईल असे पान हवे. पलुस्करांनी गायनासाठी स्वरलिपी घडवली आणि क्रमिक पुस्तके छापली. तालाच्या बाजूने तेच काम गुरुदेवांनी अंगावर घेतले. १९०३ मध्ये त्यांचे ‘मृदंग और तबला वादनपद्धति’ प्रसिद्ध झाले. बोल हुबेहूब पुन्हा वाजवता यावेत इतकी काटेकोर लिपी असलेला भारतीय तालवाद्यांवरचा हा सर्वांत जुना ग्रंथ मानला जातो.

काटेकोर म्हणजे काय, हे ‘तिरकिट’ या बोलावरून कळते. संगीतलेखनाच्या दुसऱ्या रूढ पद्धतीत, भातखंडे लिपीत, एका मात्रेत बसणाऱ्या चार अक्षरांखाली एकच कंस येतो. मात्रा कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते त्यावरून दिसते. गुरुदेवांच्या परंपरेतल्या पलुस्कर लिपीत प्रत्येक अक्षराखाली त्याच्या कालावधीची स्वतंत्र खूण असते. एका मात्रेला आडवी रेघ, अर्धीला शून्य, पावाला वेगळी खूण. लिहायला ही पद्धत किचकट, पण वादकाच्या दृष्टीने लाखमोलाची. बोलातले प्रत्येक अक्षर किती काळ टिकते, हे त्यात डोळ्यांना दिसते. ठेका ‘साधारण असा’ राहत नाही. तो तपासता येतो, दुसऱ्या ठेक्याशी ताडून पाहता येतो. संशोधनाची पहिली पायरी हीच.

या ग्रंथाची दुसरी आवृत्ती विनायकरावांनी १९३८ मध्ये काढली. तिच्यात आणि मूळ ग्रंथात मोठे फरक आहेत. तबल्याचे शास्त्र प्राचीन काळापासून जसेच्या तसे आले, अशी आपली समजूत असते. ही दोन पुस्तके शेजारी ठेवली की त्या शास्त्राचा मोठा भाग विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत, वर्गात शिकवता शिकवता घडत होता, हे उमगते. आणि तो घडवणारे लोक स्वतः गाणारे-वाजवणारे होते.

हे आपल्यापुढे मांडले तेही एका वादकानेच. टोरोंटो विद्यापीठात शिकवलेले जेम्स किपेन लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकले. गुरुदेवांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद आणि चिकित्सा त्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केली. बोल हातात नसते, तर १९०३ची ती पाने त्यांच्याशी बोलली नसती.

महाराष्ट्रातही ही वाट पुढे रुंद झाली. पं. अरविंद मुळगावकरांनी ‘तबला’ हा ग्रंथ सिद्ध केला. मुंबईच्या डॉ. आबान मिस्त्री एकल तबलावादन करत, शिकवत. पखवाज आणि तबल्याच्या घराण्यांवर त्यांनी पीएच.डी.चे संशोधन केले. पं. सुधीर माईणकरांनी वादनातले सौंदर्य आणि शास्त्र यांची सांगड घातली. मुळगावकर आणि मिस्त्री दोघेही उस्ताद अमीर हुसेन खाँ यांचे शिष्य. या साऱ्यांच्या लेखनाला वजन आहे ते रियाजामुळे.

म्हणून वादकाने लिहिणे हा फावल्या वेळेचा उद्योग नव्हे. जो वाजवतो त्याला बोलाचे वजन कळते; शिकवताना शिष्य कुठे अडतो, ते समजते; आणि लिहिताना आपण गृहीत धरलेले तपासावे लागते. यातले एक गळले की उरलेली दोन दुबळी होतात.

आज कुरुंदवाडच्या पट्ट्यातली मुले गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या तबला परीक्षांना बसतात. ताललिपी त्यांना येते, पण ती परीक्षेपुरती. त्यांच्या शिक्षकांनी दोन कामे द्यावीत. गुरुदेवांच्या ग्रंथातले बोल दोन्ही आवृत्त्यांवरून वाजवून घ्यावेत आणि फरक मांडायला सांगावा. आणि गावातल्या भजनी मंडळात, कीर्तनात साथ करणाऱ्या एखाद्या जुन्या पखवाजियाकडे बसून त्याचे बोल, अक्षराखाली खूण देत, त्याच्या नावानिशी उतरवून घ्यायला लावावेत. पलुस्करांच्या कुरुंदवाडात या कामाला आरंभ व्हावा, याहून योग्य जागा दुसरी नाही.