मुलाचे घर शाळेत येऊ द्या

जळगाव-धुळ्याकडच्या एखाद्या प्राथमिक शाळेचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. हजेरी घेताना सगळी मुले एकसारखी 'हजर' म्हणतात. पण घरी गेल्यावर हीच मुले आईला काय हाक मारतात? कोणी 'आई' म्हणेल, अहिराणी बोलणारा 'माय' म्हणेल, आणि बंजारा तांड्यावरची मुलगी 'याडी' म्हणेल. मेळघाटात गेलात तर कोरकू मूल पाण्याला 'डा' म्हणते. गडचिरोलीकडचे गोंड मूल 'येर' म्हणते.

आता गंमत पाहा. कोरकू ही मराठीची बहीण नाही, ती मुंडा कुळातली. तिचे नाते दूरच्या संथाळीशी. गोंडीचे गणगोत तेलुगूकडचे. म्हणजे पहिलीत आलेल्या अशा मुलाला आपले पुस्तक परक्या मुलखासारखे वाटते. त्याला मठ्ठ म्हणून मागच्या ओळीत बसवले की ते गप्प होते. आणि गप्प झालेले मूल पुढे शाळेतून कधी गळाले, हे हजेरीपटालाच ठाऊक.

काही गुरुजी म्हणतात, "घरची बोली वर्गात आणली तर मराठी बिघडेल." मला तसे वाटत नाही. 'येर म्हणजे पाणी' असे मुलाने फळ्यावर लिहिले, तर पाणी हा शब्द त्याला दुप्पट पक्का होतो. राज्यघटनेत १९५६ साली घातलेले ३५०-अ हे कलमही भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक पायरीवर मातृभाषेतून शिकण्याची सोय व्हावी, असेच सांगते.

बोलीबरोबर घरचा वारसाही येतो. पण तो स्नेहसंमेलनातल्या भाड्याच्या पोशाखात शोधू नका. एक दिवस घागरा नेसवायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच बोलीला हसायचे, याला काय अर्थ? त्यापेक्षा भूगोलाचा तास घ्या. आगगाडी येण्यापूर्वी मीठ आपल्या गावी कसे येई, हे विचारा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस चालत. 'लमाण' हा शब्दच लवणावरून, म्हणजे मिठावरून आला, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली, पुढे रूळ आणि सडका वाढल्या आणि हा व्यापार बसला. हा धडा ऐकताना तांड्यावरची मुलगी मान खाली घालील का?

वडाराच्या मुलाला विचारा, दगड नेमका कुठे फुटतो हे बापाला कसे कळते. शेतकऱ्याच्या मुलाला विचारा, आजोबांच्या काळी मोट कशी चाले. त्याने स्वतः ती पाहिलेलीही नसेल, घरी जाऊन विचारून येईल. मात्र एक पथ्य पाळा बरं का. काम विचारा, शब्द विचारा, खाणे विचारा, गाणे विचारा. जात विचारू नका. आणि ज्याला सांगायचे नसेल त्याला सोडून द्या. कोणाच्या घरच्या आठवणी दुखऱ्या असतात.

बायकांच्या तोंडी तर खजिनाच आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरला शिक्षक होते. त्यांनी ओव्या गोळा करून 'स्त्री-जीवन' हा संग्रह सिद्ध केला. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या प्रयत्नाने लाखाच्या वर ओव्या जमा झाल्या. त्या सांगणाऱ्या बहुतेक बाया शाळेची पायरीही न चढलेल्या. तेव्हा महिन्यातून एकदा एखाद्या आजीला वर्गात बोलवा, खुर्ची द्या, आणि ती सांगेल ते मुलांना वहीत उतरवू द्या. शुद्धलेखन नंतर पाहता येईल.

ऊसतोडीच्या भागात हे दसरा-दिवाळीनंतर करावे. आईबाप कोयता घेऊन कारखान्याकडे जातात, मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. फक्त आजीला बोलवायचे ते दुपारी. सकाळी तिला पाणी भरायचे असते.