डिजिटल होलोग्राफीतील प्रतिमेची विभेदनक्षमता : मर्यादा व उपाय

प्रस्तावना

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने मठारकाम केले जाते. सततच्या ठोक्यांनी तांबे कठीण होते व वेळीच तापवून मऊ न केल्यास त्यास बारीक तडे जाऊ शकतात. अशा पृष्ठभागाच्या स्पर्शाविना तपासणीचे एक साधन म्हणजे डिजिटल होलोग्राफी. डेनिस गॅबर यांनी १९४८ साली होलोग्राफीची कल्पना मांडली, तीच मुळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता वाढविण्याच्या हेतूने. १९९४ मध्ये श्नार्स व युप्टनर यांनी होलोग्राम थेट सीसीडीवर नोंदवून संगणकाद्वारे प्रतिमेची पुनर्रचना केली.

विभेदनाची मर्यादा

भिंगविरहित मांडणीत ओळखता येणारे लघुतम अंतर म्हणजे तरंगलांबी व वस्तूचे अंतर यांच्या गुणाकारास संवेदकाच्या रुंदीने भागून येणारी राशी होय. हेलियम-निऑन लेसर (६३२.८ नॅनोमीटर), अर्धा मीटर अंतर आणि ६.४५ मायक्रोमीटरचे १०२४ पिक्सेल (रुंदी सुमारे ६.६ मिलीमीटर) घेतल्यास हे अंतर सुमारे ४८ मायक्रोमीटर येते. याहून बारीक तपशील प्रतिमेत वेगळे दिसत नाहीत.

उपाय

१) वस्तू जवळ आणणे : अंतर निम्मे केल्यास मर्यादा २४ मायक्रोमीटरवर येते, परंतु पिक्सेलच्या आकारामुळे नोंदविता येणारे क्षेत्रही निम्मे होते.

२) संवेदक सरकविणे : लगतच्या दोन स्थानांवरील नोंदी जोडल्यास रुंदी दुप्पट होऊन त्या दिशेने तोच लाभ मिळतो आणि क्षेत्रही घटत नाही. मात्र दोन्ही नोंदींची प्रावस्था अचूक जुळली पाहिजे. त्यासाठी मांडणी कंपनमुक्त हवी.

३) तिरपा प्रकाश : निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकल्यास एरवी संवेदकाबाहेर जाणारे विवर्तित किरण त्यावर येतात.

४) स्पेकल कमी करणे : अनेक स्वतंत्र होलोग्रामांच्या प्रतिमांची सरासरी घेतल्यास कणीदारपणा घटतो. यामुळे मूळ मर्यादा बदलत नसली तरी तपशील स्पष्ट होतात.

होलोग्रामभोवती शून्ये भरून पुनर्रचना केल्यास प्रतिमेतील पिक्सेल बारीक होतात. परंतु नवी माहिती मिळत नाही. अशी गुळगुळीत प्रतिमा पाहून ‘तडा नाही’ असा निर्वाळा देणे धोक्याचे ठरेल.

निष्कर्ष

विभेदनक्षमता मुख्यतः नोंदणीच्या वेळीच ठरते. जो प्रकाश संवेदकापर्यंत पोहोचलाच नाही, त्याची भरपाई संगणक करू शकत नाही. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत प्रतिमेसोबत तरंगलांबी, अंतर व संवेदकाची रुंदी यांची नोंद ठेवणे अगत्याचे आहे.