माटोळीचा बाजार येतो कुठून?

चवथ आठवड्यावर आली आणि नेहमीच्या बातम्या सुरू झाल्या. डिचोलीत माटोळीचा बाजार कुठे बसवायचा, पेडण्यात रस्त्याकडेला बसणाऱ्यांना कुठे हलवायचे, म्हापशात सोपो कोणी किती घ्यायचा, गाड्या कुठून वळवायच्या. वाचकांनी हे सगळे वाचले आहेच, आणि माटोळी म्हणजे काय ते गोव्यात कोणाला सांगायला नको. पण बाजारात हा माल येतो कुठून आणि आणखी दहा वर्षांनी तो येणार का, याबद्दल या बातम्यांत एक ओळही नसते.

कवंडळाचेच घ्या. रानाच्या कडेला झाडावर चढलेल्या वेलीवर ते लागते. पिकले की लालभडक होते, त्यावर नारिंगी रेघा उमटतात. आतला गर काळपट हिरवा आणि कडू, म्हणजे खाण्याच्या उपयोगाचे नाही. ते कोणी पेरत नाही, त्याला खत घालत नाही, त्याचा एक-चौदाच्या उताऱ्यावर उल्लेख नाही. तरी कवंडळाशिवाय माटोळी पुरी होत नाही. डिचोलीच्या बाजारात गोणपाटावर बसलेली एक आजी कवंडळे मांडत होती, तेव्हा तिची पद्धत नीट पाहता आली. प्रत्येक फळाला देठ आणि देठाला वीतभर वेल ठेवलेली. देठ मोडला की फळ बांधता येत नाही, मग ते कोणी घेत नाही. पूर्ण पिकलेले ती आणतच नाही, कारण तसले फळ पाचव्या-सातव्या दिवशी गणपतीसमोर गळून पडते. नुकता रंग धरलेले फळ तोडायचे आणि दोन-तीन वेलीवर सोडायची, पुढल्या वर्षासाठी. शेजारी कांगणीचे घोस, हरणां, घागऱ्या, शेरवडीची पांढरी पाने, आणि हे सगळे बांधायला केवणीच्या सालीचे दोर. बाजूच्या टेम्पोत मात्र एकाच मापाच्या काकड्या आणि दुधी रचलेले होते, घाटावरून आलेले.

दोन्ही माल एकाच बाजारात विकला जातो आणि दोघांनाही सोपो सारखाच लागू होतो. मला हे पटत नाही. सोपोचा ठेका लिलावाने दिला जातो, मग ठेकेदाराला जागा मोजायची असते, माल नव्हे. टेम्पोभर भाजी आणणाऱ्याला ती पावती जाणवत नाही. चार वाटे मांडून बसलेल्या बाईच्या सकाळच्या पहिल्या विक्रीतला मोठा भाग मात्र त्यातच जातो.

डिचोलीचा आठवड्याचा बाजार बुधवारी, पेडण्याचा गुरुवारी, म्हापशाचा शुक्रवारी. साखळी सोमवारी, वाळपई मंगळवारी. या वारांची साखळी जुनी आहे आणि त्यामागे हिशेब आहे. पेडण्यात उरलेले दुसऱ्या दिवशी म्हापशाला नेता येते, आणि म्हापशाला गिऱ्हाईक जास्त. पेडण्याच्या बायका हे वर्षानुवर्षे करत आल्या. मे महिन्यात हरमलची मिरची, जिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, सुकवलेली आमसोले, अळसांदे. पावसात डोंगरउतारावरचे चिबूड, दोडकी, भेंडे, तवशी. चवथीच्या आधी रानातला माल. आज या साखळीत बसणाऱ्यांची वये पाहिली तर साठीच्या आतली बाई शोधावी लागते.

सत्तरीतल्या केरी गावचे पर्यावरण अभ्यासक राजेंद्र केरकर गेली अनेक वर्षे माटोळीबद्दल लिहीत आणि बोलत आले आहेत. म्हादईच्या प्रश्नामुळे लोक त्यांना ओळखतात, पण माटोळीवरचे त्यांचे काम माझ्या मते तितकेच महत्त्वाचे आहे. माटोळी ही सजावट नाही, जंगलाशी असलेल्या नात्याची ती दरवर्षीची उजळणी आहे, हे त्यांच्या मांडणीचे सार. ही मांडणी डिचोली आणि सत्तरीच्या गावांत फिरताना खरी वाटते. कोणती वेल कोणत्या उतारावर, कोणते फळ औषधी आणि कोणते विषारी, कशाच्या सालीचा दोर ओला असताना वळायचा, हे घरातल्या मुलाला चवथीच्या आधीचे चार दिवस रानात नेल्याशिवाय कळत नाही. काजऱ्याचे फळ माटोळीला बांधतात, पण ते विषारी. ते हाताळताना मुलाला जे सांगितले जाते, तोच वनस्पतीशास्त्राचा पहिला धडा. शाळेत असा धडा कुठे आहे?

ही परंपरा पेडणे, डिचोली, सत्तरीत दाट राहिली, त्याला इतिहासही कारण आहे. हे तालुके नव्या काबिजादीतले. १७८१ ते १७८८ या काळात ते पोर्तुगीजांच्या हाती गेले, तोवर जुन्या काबिजादीत धर्मसमीक्षणाचा सर्वात कडक काळ संपत आला होता. तिसवाडी-साष्टीत मूर्तीऐवजी कागदावरचा किंवा पत्रीचा गणपती पुजण्याची पाळी आली, तशी इथे आली नाही. घर, देवराई आणि डोंगर यांचा धागा इथे तुटला नाही.

तो आता तुटू लागला आहे. पेडण्यात मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याची पर्यावरण परवानगी रोखून धरली होती, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ हवा की नको हा वाद संपला आहे. त्यानंतर भोवतालच्या जमिनीवर आलेला दाब मात्र थांबलेला नाही. धारगळला तिळारीच्या लाभक्षेत्रातली जमीन करमणूक प्रकल्पासाठी लाभक्षेत्राबाहेर काढली गेली, म्हणजे पाणी पोहोचवण्यासाठी कालवा खणला तीच शेती. पेडण्याच्या विभागीय आराखड्याचा मसुदा २०२३ मध्ये निघाला, तेव्हा गावोगावचे लोक रस्त्यावर आले आणि सरकारला माघार घ्यावी लागली. त्या आंदोलनाची चर्चा भूखंडांच्या भाषेत झाली. मला ती बाजाराच्याही भाषेत व्हायला हवी होती: सड्याच्या उतारावरचा चिबूड गेला तर गुरुवारच्या बाजारात काय उरेल?

डिचोलीची कहाणी वेगळी. तिथे डोंगर विकला गेला नाही, खणला गेला. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, पुढे २०१८ च्या निकालाने पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये लिलावाने दिलेल्या डिचोलीच्या पट्ट्यात उत्खनन परत सुरू झाले. खाणीचा गाळ पावसात उतरतो आणि वायंगणी शेतात बसतो, हे मुळगाव-शिरगाव पट्ट्यातल्या शेतकऱ्याला विचारा. वेल कुठे वाढते हे कोणत्याही खाणपट्ट्याच्या नकाशात दिसत नाही.

सरकार काहीच करत नाही असे नाही. २०२० मध्ये स्वयंपूर्ण गोव्याची घोषणा झाली, चवथीला स्वयंसाहाय्य गटांसाठी चवथ-ई-बाजार भरतो, फलोत्पादन महामंडळ स्थानिक भाजी घेते. पण त्याच महामंडळाच्या गाड्यांवरची बरीचशी स्वस्त भाजी बेळगावची असते, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक आहे. मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्या आणि भाजीसाठी धावाधाव झाली, तेव्हा पोरसातल्या भेंड्याची किंमत सगळ्यांना कळली होती. ती आठवण फार टिकली नाही.

माझे दोन आग्रह आहेत. एक, चवथीआधीच्या पंधरा दिवसांत डोक्यावर पाटी घेऊन येणाऱ्या, स्वतःच्या शेतातला किंवा रानातला माल विकणाऱ्या बायकांकडून सोपो घेऊ नये, आणि त्यांना पावसात बसायला छपराखालची जागा आधी द्यावी, टेम्पोवाल्यांना नंतर. पालिकेने यासाठी ठराव करावा.

दुसरा आग्रह माटोळी स्पर्धेविषयी. कला आणि संस्कृती संचालनालयाची ही स्पर्धा चांगली आहे, तिच्यामुळे तरुण पुन्हा रानात जाऊ लागले. मात्र बांधलेल्या वस्तूंचा आकडा वाढवण्याची चढाओढ लागली की मुळासकट उपटणे सुरू होते, आणि तिथे वेलीवर दोन-तीन फळे सोडणारी आजी हरते. परीक्षकांनी वस्तू मोजाव्यात, पण ती कुठल्या डोंगरावरून आणली, कोणाकडून विकत घेतली आणि तिचा उपयोग काय, हे घरच्या मुलाने सांगितले तर त्यालाही गुण द्यावेत. संचालनालयाने यंदाच्या अर्जात एवढा एक रकाना वाढवावा.