कैखुशरूचा उंट

१७९९ साली मुंबईच्या गोदीत एक सागवानी जहाज बांधून झालं. नाव ठेवलं कैखुशरू. शाहनाम्यातल्या राजाचं हे नाव पारशी घरांत अजूनही ऐकू येतं. वाडिया मिस्त्र्यांच्या त्या गोदीतली जहाजं इतकी टिकाऊ असत की १८०५मध्ये ब्रिटिश आरमाराने हे व्यापारी जहाज विकत घेऊन त्यावर तोफा चढवल्या. पुढे त्यातल्या बऱ्याच उतरवल्या, जहाजाला सामान वाहायला लावलं आणि नवं नाव दिलं ड्रोमेडरी, म्हणजे एका वशिंडाचा उंट. नाव ठेवणाऱ्याला थट्टा करायची नसावी. मालवाहू जहाजाला रेड्याचं नाव दिल्याचंही त्या आरमारात सापडतं. पण राजाचा उंट झाला, हे खरं.

या उंटाने वाहिलेली ओझी पाहिली की मी थक्क होतो.

१८०९मध्ये त्याने लॅकलन मॅक्वारीला इंग्लंडहून सिडनीला नेलं. मॅक्वारी न्यू साउथ वेल्सचा नवा गव्हर्नर होता आणि ही वसाहत मुळात कैद्यांचीच. या गृहस्थाने मुंबईत बरीच वर्षं फौजेत काढली होती, पहिलं लग्नही मुंबईतच केलं होतं. सिडनीत त्याने शिक्षा भोगून सुटलेल्यांना मानाच्या जागा दिल्या, त्यांना स्वतःच्या टेबलावर जेवायला बसवलं आणि सरकारी इमारतींचे आराखडे फ्रान्सिस ग्रीनवे नावाच्या एका कैद्याकडून करून घेतले. प्रतिष्ठितांचा त्यावर किती जळफळाट झाला असेल! दहा वर्षांनी ड्रोमेडरी पुन्हा त्याच वाटेने गेली. या खेपेला पोटात कैदी होते.

आणि १८२६मध्ये तिला स्वतःलाच तुरुंग करण्यात आलं.

अशा जहाजाला इंग्रजीत ‘हल्क’ म्हणतात. डोलकाठ्या आणि शिडं उतरवायची, नांगर टाकून धड एका जागी बांधायचं आणि तोफांच्या खिडक्यांना गज ठोकायचे. ही कल्पना सुचली ती अडचणीतून. ब्रिटन आपले कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत धाडत असे. त्या वसाहती बंड करून उठल्या, तुरुंग ओसंडून वाहू लागले आणि १७७६मध्ये लंडनच्या खाली टेम्स नदीत कैद्यांची जहाजं उभी राहिली. पहिल्या जहाजांपैकी एकाचं नाव होतं ‘जस्टिशिया’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ न्याय. कैद्यांनी दिवसा नदीतला गाळ उपसायचा आणि रात्री जहाजाच्या पोटात बंद व्हायचं. कायदा फक्त दोन वर्षांपुरता केला होता. इंग्लंडात प्रथा चालली १८५७पर्यंत. तात्पुरत्या सोयींचं आयुष्य आपल्याकडेही काही वेगळं नसतं.

त्यासाठी वापरलेल्या जहाजांतली काही तर मोठमोठ्या लढायांतून निवृत्त झालेली. नेपोलियन ज्या जहाजावर इंग्रजांच्या स्वाधीन झाला, ते ‘बेलेरोफॉन’ पुढे तुरुंग झालं. ट्राफल्गरच्या लढाईत असलेल्या ‘युरायलस’वर तर लहान मुलं कोंडली होती. पाकीट मारलं, पाव चोरला, अशा गुन्ह्यांची मुलं.

ड्रोमेडरी मात्र टेम्सवर राहिली नाही. ती गेली अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटांवर, आणि तिथलं कारणही पुन्हा अमेरिकाच. अमेरिका हातची गेली तशी त्या किनाऱ्यावरची बंदरंही गेली. कॅनडातल्या हॅलिफॅक्सपासून वेस्ट इंडीजपर्यंत आरमाराला मधे टेकायला जागा उरली नाही. म्हणून बर्म्युडात गोदी बांधायची ठरली. एकाच युद्धाने ब्रिटनची कैदी धाडायची जागाही हिरावली आणि कैद्यांना कामही लावून दिलं!

काम होतं चुनखडीचा दगड फोडण्याचं. पांढराशुभ्र दगड आणि वर डोळे दिपवणारं ऊन. त्यात पिवळ्या तापाच्या साथी. १८२४ ते १८६३ या काळात इंग्लंड-आयर्लंडमधून सुमारे ९,००० कैदी तिथे आले, त्यातले सुमारे २,००० तिथेच मेले. त्यांनी बांधलेल्या भिंती आणि धक्के आज पर्यटक हौसेने पाहतात. (महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी नाक मुरडू नये. तिथे चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता, त्यांनी रस्ते बांधले आणि भाजीपाला पिकवला. चायनामन धबधबा हे नाव त्यांच्यावरूनच पडलं.)

या साऱ्यात सागाचा गुण मला सारखा आठवत राहतो. ओकच्या लाकडातलं आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकतं, सागातलं तेल त्यांना सांभाळतं. म्हणून मुंबईची जहाजं दीर्घायुषी. बहुतेक कैद्यांना सात, दहा, चौदा वर्षांची शिक्षा असे. वाचले तर ते सुटत. ड्रोमेडरी मोडीत निघाली १८६४मध्ये, अडतीस वर्षांनी. लाकूड कच्चं असतं, तर लवकर सुटली असती.

जहाज मोडलं तरी त्याची जागा उरली होती. बरीच वर्षं ते एकाच ठिकाणी बांधलेलं होतं. वरून जे पडलं, जे फेकलं गेलं आणि जे पहारेकऱ्याची चाहूल लागताच घाईने खिडकीबाहेर टाकलं असेल, ते सगळं सरळ खाली गाळात जाऊन बसलं. १९८०च्या दशकात पाणबुड्या संशोधकांनी तो तळ उकरला. बर्म्युडातल्या कैद्यांच्या रोजच्या जगण्याबद्दल आज जे माहीत आहे, त्यातलं पुष्कळसं या गाळातून वर आलं. मातीच्या चिलमी, बटणं, बाटल्या निघाल्या. आणि निघाल्या हाडाच्या कोरीव वस्तू, खेळातल्या सोंगट्या. दिवसभर सरकारसाठी दगड फोडून आलेल्या हातांनी, रात्री कैखुशरूच्या पोटात बसून, जेवणातलं हाड घासून घासून गुळगुळीत केलं होतं.