कामगार हक्कांच्या संघटनेत दिवसभर काम काय असतं?

मोर्चे, घोषणा हा त्यातला छोटा भाग. जास्त वेळ जातो कागदपत्रांत आणि लोकांचं ऐकून घेण्यात.

पुण्याची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत घ्या. डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली आणि एसएनडीटी विद्यापीठातल्या कार्यकर्त्यांच्या साथीनं ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली. सुरुवातीची मोठी मागणी होती ओळखपत्राची! कारण पहाटे पोतं घेऊन निघालेल्या बाईवर आधी चोरीचा संशय यायचा.

अशा संघटनेतला कार्यकर्ता वस्तीत बैठका घेतो, बँकेत खातं उघडून देतो, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरतो. आधारवर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं, एवढ्यावरून अर्ज अडतो आणि तो सोडवायला खेटे घालावे लागतात. हे काम चिकाटीचं आहे.

याच चिकाटीतून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी कचरा गोळा करू लागली.

आपण एवढं तरी करूया: ओला-सुका कचरा वेगळा ठेवा. सॅनिटरी पॅड, डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. तो कचरा कुणीतरी हातानं वेगळा करतं.