एकटा गायक, दोन दिवे आणि भरपूर अंधार

गोंधळी दारात येतो तेव्हा संबळ-तुणतुण्याबरोबर त्याची दिवटीही येते. दिवटीला तेल पाजायला बुधली सोबत असतेच. कलावंताने आपला उजेड आपणच घेऊन यायचा, ही आपल्याकडची फार जुनी रीत. आज कॅफेत, सोसायटीच्या गच्चीवर, शंभर खुर्च्यांच्या सभागृहात एकटाच गिटार किंवा हार्मोनियम घेऊन बसणारा गायक नेमका इथे अडतो. माइक बरा मिळतो, स्पीकरही मिळतो आणि डोक्यावर मात्र पांढरीफटक ट्यूबलाइट. खिशात पैसे बेताचे आणि बाजारात दिवे शेकड्याने. म्हणून खरेदीला निघण्याआधी उजेडाच्या दुनियेतल्या या काही गमती. यातल्या बऱ्याचशा पैसे वाचवणाऱ्या आहेत.

सगळ्यात स्वस्त दिवा: बंद केलेला

युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत खेळ चालू असतानाही प्रेक्षागृहात दिवे जळत असत. लोक नाटक पाहायला यायचे तसे एकमेकांना पाहायलाही यायचे. १८७६ साली जर्मनीत बायरॉइटला रिचर्ड वॅग्नर या संगीतकाराने आपलं नाट्यगृह उघडलं आणि प्रेक्षागृहात जवळजवळ काळोख केला. नजर जायला रंगमंचाशिवाय दुसरी जागाच उरली नाही. आज आपल्याला हे इतकं साधं वाटतं की कुणी तरी ते पहिल्यांदा रुजवलं असेल, हे मनातही येत नाही.

याहून पुढे गेला तो रशियन पियानोवादक स्व्यातोस्लाव रिश्टर. विसाव्या शतकातल्या थोर वादकांपैकी हा एक. उतारवयात तो सगळं सभागृह अंधारात ठेवून वाजवायचा. उजेड एवढाच, समोरच्या स्वरलिपीवर एक लहान दिवा. वादकाचे हातवारे आणि चेहऱ्यावरचे भाव पाहत बसण्यापेक्षा लोकांनी संगीत ऐकावं, हे त्याचं म्हणणं. जगातल्या कुठल्याही सभागृहाने त्याला हवे तेवढे दिवे दिले असते. त्याने एक निवडला.

एकट्या कलावंताच्या प्रकाशयोजनेत अंधार हा पहिला खर्च असतो आणि तो शून्य रुपयांचा असतो. मागची भिंत पांढरी असेल तर मात्र तुमचा सगळा उजेड तीच खाऊन टाकते. काळ्या कापडाचा एक पडदा मागे लावला की साधा दिवाही वजनदार दिसू लागतो. माझ्या मते दिव्यांच्या आधी कापड घ्यावं.

चुना लावून प्रसिद्धी

विजेच्या आधी रंगमंचावरचा सगळ्यात प्रखर झोत कशाचा होता? चुन्याचा! कळीच्या चुन्याच्या तुकड्यावर हायड्रोजन आणि ऑक्सिजनची ज्योत सोडली की तो डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश देतो. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश अभियंत्याने १८२० च्या दशकात आयर्लंडच्या जमीनमोजणीत हा दिवा वापरला तेव्हा तो शंभरेक किलोमीटरवरून दिसला होता. १८३७ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहाने तो आत आणला. आपण आज एखादा कलावंत ‘प्रकाशझोतात आला’ म्हणतो, तेव्हा इंग्रज मंडळी अजूनही तो ‘लाइमलाइट’मध्ये, म्हणजे ‘चुन्याच्या उजेडात’ आला असंच म्हणतात.

चुना गेला, वीज आली. लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात १८८१ साली विजेचे सुमारे बाराशे दिवे लागले. ही नवी चीज पेट घेईल म्हणून लोक धास्तावलेले. तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट स्वतः रंगमंचावर आला, पेटता बल्ब हातात घेऊन सर्वांसमोर फोडला आणि आग लागत नाही हे दाखवून दिलं.

आपल्याकडे कोकणातल्या दशावताराने आणि तमाशाच्या फडांनी बराच काळ गॅसबत्तीवर रात्री जागवल्या. तिचं ‘पेट्रोमॅक्स’ हे नाव पेट्रोलियम आणि बर्लिनचा कारखानदार मॅक्स ग्रेट्झ यांच्या जोडीतून आलेलं.

६४ म्हणजे इंच, ५४ म्हणजे दाणे

दुकानात पाऊल टाकलं की पहिला शब्द कानावर येतो ‘पार’. जुना पार ६४ हा हॅलोजनचा दिवा. त्यातला ६४ हा आकडा काचेचा व्यास सांगतो आणि तो मोजतात इंचाच्या आठव्या भागात. म्हणजे ६४ भागिले ८, बरोबर ८ इंच. आता बाजारात ‘५४ चा पार’ मागितला तर मिळतो एलईडीचा दिवा, आणि ५४ हा आकडा त्यातल्या एलईडींच्या दाण्यांचा. शब्द तोच, हिशोब पार वेगळा. प्रत्येक दाणा ३ वॉटचा धरून डब्यावर १६२ वॉट छापतात, पण दिवा प्रत्यक्षात बहुधा त्याहून कमी वीज घेतो. तेव्हा डब्यावरच्या आकड्यावर भाळू नका. दिवा भिंतीवर मारून पाहा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात चौकशी केली तर असा साधा पार साधारण दीड ते तीन हजारांत मिळून जातो.

विजेचा फरक तर थक्क करणारा आहे. जुने एक हजार वॉटचे चार पार लावले तर २३० व्होल्टला सतरा अँपिअरच्या वर ओढ. घरातला मोठा १६ अँपिअरचा सॉकेटही अपुरा. एलईडीचे चार पार डब्यावरच्या आकड्याने धरले तरी तीन अँपिअरच्या आत. पंख्या-टीव्हीच्या साध्या सॉकेटवर अख्खा कार्यक्रम निघतो.

आणि गायक-वादकाला याहून मोठा लाभ वेगळाच. हॅलोजनची बरीचशी वीज उष्णता होऊन वादकाच्या अंगावर पडायची. उष्णतेने तार सैल पडते, तंबोऱ्याचा सूर उतरतो. तबल्याची पुडी मात्र तापून ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. एकाच झोताखाली एक वाद्य खाली, दुसरं वर, आणि मधे गायक! एलईडीने ही भानगड जवळजवळ मिटवली.

चार दिवे नकोत, दोन पावलं पुढे या

दिवा आणि चेहरा यांतलं अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो. चार मीटरवरचा दिवा दोन मीटरवर आणला की जणू चार दिवे लावले. हा भौतिकशास्त्राचा नियम शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो आणि दुकानात सगळे विसरतात. मोठ्या ताकदीच्या दिव्यासाठी जास्तीचे पाच हजार मोजण्याआधी हातातला दिवा स्टँडसकट पुढे सरकवून बघा.

कुठे सरकवायचा, याचंही उत्तर जुनं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात प्रकाशयोजना शिकवणाऱ्या स्टॅन्ली मॅककँडलेस यांनी १९३२ साली आपली पद्धत पुस्तकात मांडली: समोरून दोन दिवे, एक डावीकडून आणि एक उजवीकडून, दोन्ही ४५ अंशांत आणि तितकेच वरून. एक किंचित उबदार, दुसरा किंचित थंड रंगाचा. चेहऱ्याला उठाव येतो, नाकाची सावली ओठांवर पडत नाही. बैठकीवर बसून गाणार असाल तर स्टँड त्या मानाने खाली घ्या. चष्मा असेल तर थोडे वर आणि थोडे बाजूला, नाहीतर प्रेक्षकांना डोळ्यांऐवजी दोन पांढरे ठिपके दिसतात.

तिसरा दिवा मागून, खांद्यांवर आणि केसांवर पडणारा. माणूस काळ्या पडद्यापासून सुटून पुढे येतो तो याच दिव्याने. रंग खेळायचे ते इथे.

निळ्या दाण्याला नोबेल

लाल एलईडी १९६२ सालीच अवतरला, अमेरिकेत निक होलोनियाक यांच्या हातून. हिरवाही आला. निळ्याने मात्र शास्त्रज्ञांना तीस वर्षं झुलवलं. निळा नाही म्हणून पांढरा नाही, आणि पांढरा नाही म्हणून एलईडीचा दिवा नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो जमला आणि त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. दोन हजारांच्या पारमध्ये निळा दाणा चमकतो, तो या तिघांच्या पुण्याईने.

पण लाल, हिरवा, निळा एकत्र करून जो पांढरा बनतो तो चेहऱ्यावर मारू नका. त्या मिश्रणात मधल्या छटा तुटक असतात. त्वचा मेणासारखी, आजारी दिसते आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णाचा तर अगदी अपमान होतो. चेहऱ्यासाठी वॉर्म व्हाइटचे वेगळे दोन दिवे घ्या, साधारण ३००० केल्विनचे. त्यासाठी पैसे नसतील तर हार्डवेअरच्या दुकानातला २० वॉटचा वॉर्म एलईडी फ्लड काही शे रुपयांत मिळतो. पुढे थोडं अंतर सोडून बटर पेपर लावला की त्याचा उजेड मऊ होतो. तो मंद करता येत नाही, ही त्याची उणीव. तरी ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पटींनी बरा.

रंगीत कागदाला नाटकवाले ‘जिलेटिन’ म्हणतात. तो पूर्वी खरोखर जिलेटिनचाच असायचा, पाणी लागलं की विरघळायचा. आज तो प्लॅस्टिकचा असतो. नाव मात्र हटलं नाही.

दिवा ऐकतो, पण त्याला गाणं कळत नाही

स्वस्त पारमध्ये ‘साउंड ॲक्टिव्ह’ नावाची सोय असते. आत एक लहानसा माइक, आवाज झाला की रंग बदलतो. डीजेसाठी ठीक. विलंबित लयीत अभंग चालू असताना मात्र तो टाळीला लाल, खोकल्याला हिरवा आणि खुर्ची सरकल्याला निळा होतो. मागचं बटण दाबून ही सोय पहिल्यांदा बंद करा.

दिवे ताब्यात ठेवायची भाषा डीएमएक्स ५१२. १९८६ साली अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने ती ठरवली. एका तारेवर ५१२ चॅनेल, प्रत्येकाच्या ० ते २५५ पायऱ्या. चाळीस वर्षं होत आली तरी तीच भाषा मोठ्या मैफलीपासून लग्नाच्या हॉलपर्यंत चालते. एकट्या गायकाला पायाने दाबायचा साधा फूट कंट्रोलर पुरतो. चार दृश्यं आधी भरून ठेवा: प्रवेश, संथ गाणं, जोरकस गाणं, निरोप. एवढी पुरे. आणखी एक: गिटारच्या ॲम्पमधून हमिंग येत असेल तर अनेकदा हॉलचे जुने डिमर दोषी असतात. वाद्यांची लाइन वेगळ्या सॉकेटवरून घ्या.

खरेदीआधी मोबाइल काढा

स्वस्त एलईडी मंद होतो म्हणजे खरं तर तो भराभर उघडझाप करतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. व्हिडिओवर काळे पट्टे सरकतात. तुमचं गाणं शंभर माणसं समोर बसून ऐकतील, त्याहून कितीतरी जास्त माणसं ते मोबाइलवर पाहतील. दुकानातच दिवा मंद करून त्याच्यावर मोबाइलचा व्हिडिओ चालू करा. पट्टे दिसले की पुढच्या दुकानात.

हे घेऊ नका

शार्पी. इटलीच्या क्ले पाकी कंपनीच्या एका दिव्याचं हे नाव आपल्याकडे आकाशात झोत फेकणाऱ्या सगळ्याच दिव्यांना चिकटलं, जसं डालडा वनस्पती तुपाला. मैदानात शोभतो. दहा फुटांच्या मंचावर तो गायकाला गिळतो. लेझर तर नकोच. गणपतीच्या मिरवणुकांत लेझरने डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत, कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जळतो. लुकलुकणारा स्ट्रोब काहींना फिट आणू शकतो. धुराचं यंत्र झोत सुंदर दाखवतं, पण गाणाऱ्याचा घसा कोरडा करतं. घसा महाग आहे.

पाणी नसताना पूर

कोलकात्याच्या मिनर्व्हा थिएटरमध्ये १९५९ साली उत्पल दत्तांचं ‘अंगार’ हे नाटक आलं, कोळशाच्या खाणीत अडकलेल्या मजुरांचं. शेवटी खाणीत पाणी भरत जातं. रंगमंचावर पाण्याचा थेंब नव्हता. प्रकाशयोजनाकार तापस सेन यांनी तो पूर निव्वळ प्रकाशाने चढवला आणि प्रेक्षकांनी तो पाहिला. संगणक नाही, एलईडी नाही, डीएमएक्स नाही. आज दोन-अडीच हजारांचा पार जे रंग देतो ते त्यांच्या हाताशी नव्हते. दिवा कुठून मारायचा आणि कधी विझवायचा, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हा आधी काळं कापड, मग चेहऱ्यासाठी दोन वॉर्म दिवे, मग मागून एक रंगीत पार, आणि पैसे उरले तर फूट कंट्रोलर. हॉल ठरवायला जाल तेव्हा भाडं विचारण्याआधी एवढं पाहून या: प्रेक्षकांवरच्या ट्यूबलाइटींचं बटण कुठे आहे, आणि ते तुमच्या माणसाला बंद करू देतात का.