ए, ॲन की द? इंग्रजी मेसेज पाठवण्याआधी एवढं बघा

कामथडीतून इंद्रायणी तांदूळ विकताय आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला इंग्रजीत मेसेज करताय? मग हे पक्कं करा.

कुठलीही एक: 'ए बॅग'. दोघांनाही ठाऊक असलेली तीच: 'द बॅग'.

'ए' की 'ॲन' हे स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं. एमआरपी बोलताना आधी स्वर येतो, म्हणून 'ॲन एमआरपी स्टिकर'. यूपीआय 'य'ने सुरू होतं, म्हणून 'ए यूपीआय पेमेंट'.

तांदूळ नगावर मोजत नाहीत. 'ए राइस' नको, 'ए बॅग ऑफ राइस' लिहा.

आता पैशाचं. दोन हप्त्यांपैकी एकच आलाय? 'रिसीव्ड ए पेमेंट' लिहा, सोबत रक्कमही टाका. नुसतं 'रिसीव्ड द पेमेंट' लिहिलंत, तर गिऱ्हाईक म्हणेल, हिशेब मिटला!